घरी जोडलेली मोटार



या व्यासपीठावर माझ्यापूर्वी मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सार्वजनिक वाचनालयाने आणि कारखान्याच्या फाटकाने केले. कामगार चळवळीतला माणूस संपाविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज मोटारीविषयी बोलणार आहे. आणि तीही कारखान्यातून आलेल्या नव्हे, तर माणसाने सुटे भाग आणून घरच्या घरी जोडलेल्या मोटारीविषयी.

ही हकीकत इंग्लंडातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, तेथे खरेदीकर बसला. पुढे तयार मोटारीवर तो भरावा लागे. पण सुट्या भागांचा संच घेतला तर लागत नसे. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुण इंजिनियराने 1948 साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनविली, 1952 साली लोटस कंपनी काढली आणि 1957 साली ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली. करासह तयार गाडीची किंमत 1036 पौंड आणि संचाची 536 पौंड! अट अशी, की संचासोबत जोडणीच्या सूचना द्यावयाच्या नाहीत. तेव्हा कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, असे सांगतात. गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावयाच्या! कायद्यातली फट शोधण्याचे कसब केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

आता ही गाडी जोडतात कशी? पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. इंजिन फोर्डचे, 1172 घनसेंटिमीटरचे. ते सांगाड्यात उतरवावयाचे, मागचा ॲक्सल बसवावयाचा, स्टिअरिंग जोडावयाचे, ब्रेकच्या नळ्या न्यावयाच्या, वायरिंग करावयाचे. यात अलौकिक असे काही नाही. पाने हवेत, धीर हवा, आणि कोणता भाग कशासाठी आहे हे समजून घेण्याची तयारी हवी.

या शेवटच्या गोष्टीसाठीच मी हा विषय निवडला.

1913 साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली. ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत, तो सुमारे दीड तासात तयार होऊ लागला. मोटार स्वस्त झाली, हे खरे. पण एकाने बोल्ट घालावयाचा, दुसऱ्याने नट लावावयाचा आणि तिसऱ्याने तो आवळावयाचा, अशी कामाची खांडोळी झाली. माणसे कंटाळून इतकी सोडून जाऊ लागली, की 1914 साली आठ तासांना पाच डॉलर रोज देणे मालकाला भाग पडले. पगार वाढला, काम होते तेवढेच तुटके राहिले.

मी अठराव्या वर्षी एका कारखान्यात लागलो. सहा वर्षे ड्रिल मशीनवर एकाच पट्टीला चार भोके पाडीत होतो. ही पट्टी कोठे बसते, असे एकदा विचारले. उत्तर आले, “तुला काय करायचंय? भोकं मोज.” पुढे युनियनच्या कामाने परगावी गेलो असता एका गॅरेजात उघडून ठेवलेला ट्रॅक्टर पाहिला, आणि त्यात माझी पट्टी! मिस्त्री म्हणाले, “ही ब्रेकचा दांडा धरून ठेवते, भाऊ. भोक सरकलं तर ब्रेक लागायचा नाही.” त्या रात्री मला झोप आली नाही. रात्रपाळीत पेंगत असताना किती वाकडी भोके माझ्या हातून पेटीत गेली असतील? कोणी एक वाक्य सांगितले असते, तर एकही गेले नसते.

पुढच्या करारात आम्ही एक कलम घातले: प्रत्येक नव्या कामगाराला पूर्ण यंत्र एकदा उघडून दाखवावे. वाटाघाटीत ते हसण्यावारी गेले. पगारवाढीवर सह्या झाल्या आणि ते कलम आम्ही सोडले. आम्ही म्हणजे मी. आज ती रक्कम महागाईने कधीच गिळली आहे. सोडलेले कलम मात्र अजून टोचते.

कोणी म्हणेल, घरी मोटार जोडणे हा हौशी माणसाचा खेळ. बरोबर आहे. त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि मोकळा वेळ लागतो. पण तो वेळ आला कोठून? नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी झगडून 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा कोठे कष्टकऱ्याला स्वतःचा म्हणावा असा दिवस मिळाला. शिवाय त्या गाडीचे इंजिन तरी कोठले? फोर्डच्याच कारखान्यातले! एकट्याने सारे केले, असे म्हणण्यात अर्थ नाही.

याचा दाखला ब्रेकच देतो. नळीत तेलाबरोबर हवा राहिली तर पॅडल मऊ लागते. कारण हवा दबते, तेल दबत नाही. साध्या हत्यारांनी ती हवा काढावयाची तर दोघे लागतात. एकाने पॅडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून हवा सोडावयाची आणि पुन्हा आवळावयाचे. आवळण्यापूर्वी पाय उचलला, की हवा परत आत. म्हणून एकाने हाक द्यावयाची, दुसऱ्याने ओ द्यावयाची. सारी संघटना मला त्या दोन हाकांत दिसते.

1973 साली इंग्लंडात खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, संचाची सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण कराची बचत गेल्यावरही लोक गाड्या जोडतच राहिले! आपल्याकडेही 2021 साली सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून गाडी बनविल्याची बातमी आपण वाचली असेल. गाडी रस्त्यावर आणावयाची तर तपासणी आणि नोंदणी हवीच. ब्रेकची गोष्ट सांगणारा मी त्याविरुद्ध कसा बोलेन? पण उघडून पाहावयास कोणाची मनाई आहे?

म्हणून एक मागणे मागतो. गावातल्या तंत्रशाळेची एक खोली रविवारी उघडी ठेवा. तेथे एक जुने इंजिन ठेवा. मुलामुलींनी ते सुटे करावे आणि पुन्हा जोडावे. पाने मी आणतो. पॅडलवर पाय ठेवणारा दुसरा माणूस तेवढा आपल्यातून मिळावा.