शांत दिसणारे संकट



श्वासाचा विकार म्हटला की धापा टाकणारा, घामाघूम झालेला दमेकरी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज ज्या रोगाविषयी मला बोलावयाचे आहे, त्यात हे चित्र बहुधा दिसत नाही. येथे रोगी शांत दिसतो आणि त्या शांतपणातच धोका असतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा तो रोग होय. १६७२ मध्ये इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने एका स्त्रीचे वर्णन केले. बराच वेळ बोलल्यावर तिची वाचा बंद पडे व काही काळाने परत येई. रोगाचे मर्म यातच आहे : वापराने बळ सरते, विश्रांतीने परतते. त्याचे कारण उमगावयास तीन शतके लागली. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य पाझरते व स्नायूवरील ग्राहकांना भिडून त्याला आकुंचनाचा आदेश देते. बहुतेक रोग्यांत शरीराचीच प्रतिपिंडे या ग्राहकांवर हल्ला करतात. १९७३ मध्ये पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत-ईल माशाचे ग्राहक सशांना टोचले, तेव्हा त्या सशांनाही असाच दुबळेपणा आला.

पापण्या मिटू लागणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, घास गिळता न येणे, ही रोगाची नेहमीची लक्षणे. परंतु हीच गत श्वासपटलाची झाली, की प्राणावर बेतते. आता शांतपणाचे कोडे उलगडेल. धडपडण्यासही स्नायूच लागतात! शिवाय फुप्फुसे निरोगी असल्याने रक्तातील प्राणवायू बराच काळ टिकून राहतो. म्हणून बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ हा आकडा पाहून कोणी निश्चिंत होऊ नये. तो उतरेपर्यंत पुष्कळदा फार उशीर झालेला असतो.

मग पाहावे काय? रोग्याला उताणे निजता येते का? वाक्य मध्येच तुटते का? आवाज नाकात येतो का? खोकला जोरकस आहे का? मान सावरते का? एका दीर्घ श्वासात त्याला अंक मोजावयास सांगावे. निरोगी प्रौढ मनुष्य सुमारे ५० पर्यंत जातो. रोगी २० च्या आत थांबू लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे श्वासाची धारकता वरचेवर मोजतात. ती शरीराच्या दर किलोग्रॅममागे २० मिलिलिटरच्या खाली आली किंवा झपाट्याने उतरू लागली, तर श्वसनयंत्राची सिद्धता ठेवावी लागते.

१९३४ मध्ये ग्रिनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन टोचून या रोगावर गुण येतो हे दाखविले. आजचे पिरिडोस्टिग्मीन त्याच कुळातले. परंतु संकटसमयी आपल्या मनाने त्याच्या गोळ्या वाढविणे घातक ठरते. अतिमात्रेने लाळ व कफ वाढतो आणि स्नायू अधिकच दुबळे होतात. अशा वेळी रक्तद्रव बदलणे अथवा इम्युनोग्लोब्युलीन देणे, हे उपाय योजतात. त्यांचा गुण येण्यास काही दिवस जातात. तेवढे दिवस यंत्र रोग्याचा श्वास चालविते. कफ आवरत असेल, तर वेळीच मुखवट्यातून हवा दिल्याने घशात नळी घालणे काही वेळा टळते.

संकटाला बहुधा निमित्त होतो तो साधा संसर्ग. कधी औषधही निमित्त होते. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम, हिवतापावरील क्विनीन ही या रोग्यांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून रोगाचे नाव व टाळावयाच्या औषधांची यादी लिहिलेला कागद रोग्याने सदैव जवळ बाळगावा. बोलण्याचे बळ सरेल तेव्हा तो कागद त्याच्या वतीने बोलेल.

थकलेला हा श्वास बहुधा परत येतो. तो येईपर्यंत रोग्याला सांभाळणे, एवढेच आपले काम. आणि त्याची सुरुवात शांत दिसणाऱ्या रोग्याकडे अधिक बारकाईने पाहण्यापासून होते.