हिशेब पुण्यात, नजर वडगावात

पेठ वडगाव आणि आजूबाजूच्या भादोले, लाटवडे, अंबप या गावांतल्या बचत गटांच्या सगळ्या बायांना आमचा नमस्कार. आज बोलायचं आहे ते वहीबद्दल. वहीचं नाव काढलं की निम्म्या जणी रेडिओचा आवाज बारीक करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज जरा ऐकाच. या वहीपायी आमचा एक गट फुटता फुटता राहिला.

हा गट कांदा-लसूण चटणी करतो. दहा जणी आहेत. वही लिहायची ती त्यांच्यातलीच एक पोरगी, बी.कॉम. झालेली. तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. पुढचे चार महिने वही कोरी! ऐन मिरचीच्या हंगामात आम्ही कर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी पहिल्यांदा वहीच मागितली. त्यांचंही खरंच होतं. नाबार्डनं 1992 साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. आपली पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं वही पूर्ण ठेवणं. तारण म्हणून आपल्याकडं दागिना नाही की सातबारा नाही. आपलं तारण म्हणजे ही वहीच.

मग आम्ही त्या पोरीलाच फोन लावला. ती म्हणाली, "ताई, मी इथं बसून लिहिते की! तुम्ही फक्त कागद पाठवा." तेव्हापासून गटाचा हिशेब पुण्यात लिहिला जातो.

रीत अगदी साधी आहे. इथं सचिव रोजच्या रोज कच्च्या वहीत जमा-खर्च टिपते. प्रत्येक पावतीवर एक, दोन, तीन असा नंबर घालते आणि रात्री उजेडात नीट फोटो काढून पाठवते. नंबर असला की मधली पावती गळाली तर लगेच कळतं. मूळ पावती इथंच फाइलला लागते. तिकडं ती पोरगी रोजकीर्द आणि खातावणी संगणकावर चढवते, आणि महिन्याच्या 5 तारखेला एका पानाचा गोषवारा पाठवते. या कामाचे तिला महिन्याला 800 रुपये देतो. आपल्यातली आहे म्हणून फुकट करून घ्यायचं, हे आम्हाला पटलं नाही. फुकटचं काम मागं पडतं आणि मग बोलताही येत नाही.

आता गट फुटायला आला होता ती गोष्ट. दुसऱ्याच महिन्यात पुण्याहून विचारणा आली, "साठ्यातून 3 किलो चटणी कमी झालीय, पण 1,800 रुपये कुठंच जमा दिसत नाहीत." तिनं नुसतं विचारलं होतं. आपण मात्र लगेच माणूस शोधला. बाजारात बसते ती खजिनदार मावशी, लिहिता-वाचता न येणारी. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं वळल्या. कुणी तोंडानं काही बोललं नाही, पण मावशी पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

शेवटी उलगडा झाला तो असा. बाजारात एका गिऱ्हाइकाला फोनवरून पैसे द्यायचे होते. गटाचा स्कॅन करायचा कागद त्या दिवशी घरी राहिला होता. मावशीनं आपल्या मुलाचा नंबर दिला. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या खात्यात पैसे आले आणि पगारात मिसळून गेले. त्याच्या ध्यानातच नाही, आणि मावशीला वाटलं पैसे गटाला पोचले. आम्ही सगळ्या जणी मावशीच्या दारात गेलो आणि माफी मागितली. तेव्हा कुठं ती परत आली.

त्या दिवसापासून आम्ही काही नियम घालून घेतले. तुम्हीही लिहून घ्या.

गटाचे पैसे गटाच्याच खात्यात. नवऱ्याचा, मुलाचा नंबर कधीच द्यायचा नाही.

लिहिणारीला कागद द्यायचे, किल्ली द्यायची नाही. एटीएमचा पिन, ओटीपी, सही केलेला कोरा चेक पुण्याला काय, शेजारच्या घरालाही जाणार नाही.

महिन्याचं पान बैठकीत मोठ्यानं वाचायचं. पेटीतली रोकड, बँकेचं पासबुक आणि फडताळातला माल, या तिन्हींशी ते तिथंच जुळवायचं. दहा जणींसमोर.

आणि आकडा जुळला नाही तर आधी कागद शोधायचा, मग माणसाला विचारायचं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आपण काय जीएसटीवाल्या आहोत? बरोबर आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेल्याशिवाय ती नोंदणी लागत नाही. पण वही सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आमची चटणी 600 रुपये किलोनं जाते. मिरची, खोबरं, लसूण, तेल धरून 430 खर्च, म्हणजे 170 सुटले, असं आम्ही धरून चाललो होतो. पुण्याहून पान आलं तेव्हा कळलं, कांडपाची मजुरी, पिशव्या, रिक्षाभाडं वजा जाता 95 च उरतात. त्यात आपल्या हातांची मजुरी धरलेलीच नव्हती! पुढच्या हंगामाचा भाव आम्ही आता हे पान समोर ठेवून ठरवणार.

लांबून हिशेब ही काही आमचीच शक्कल नव्हे. नाबार्डनं 2015 साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, त्यात पहिले दोन जिल्हे होते आपल्या महाराष्ट्रातलं धुळे आणि झारखंडमधलं रामगड. गटांची माहिती संगणकावर चढली, आणि बाईच्या फोनवर तिच्या बचतीचा, कर्जाचा संदेश तिच्या भाषेत येऊ लागला. त्यातलं मर्म एवढंच, की नोंद कुठंही होवो, तिचा आकडा तिच्यापर्यंत पोचला पाहिजे.

ज्या गटात लिहिणारी नाही, त्यांनी सासरी गेलेल्या आपल्या पोरींची आठवण करावी. शिकलेल्या आहेत, घरी बसून चार पैसे मिळाले तर त्यांनाही हवेच आहेत.

कर्ज नंतर मंजूर झालं. आणि मावशी? आता बैठकीत पान वाचायला घेतलं की ती सगळ्यात आधी पुढं सरकून बसते आणि म्हणते, "आधी माझा आकडा वाचा." पिशवीमागं एक रेघ, अशा रेघा ती घरून मारून आणते आणि जुळवून बघते. तुमच्या पुढच्या बैठकीतही कुणीतरी असं म्हणावं, एवढंच आमचं मागणं.