छडीवर ख्रिस्ताचं नाव नको



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी आज छडीवर बोलणार आहे. आपल्या घरांत, संडे स्कूलच्या वर्गांत, बोर्डिंगांत पवित्र शास्त्राचा हवाला देऊन लहान मुलांना जो मार दिला जातो, त्यावर. हा विषय इथे अप्रस्तुत आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. ज्या ख्रिस्ती समाजात १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं, मुलांसाठी 'बालबोधमेवा' चालला, त्या समाजाच्या लेखकांनी मुलांच्या पाठीवरचे वळ पाहायचे नाहीत, तर कुणी पाहायचे?

गेल्या पावसाळ्यात एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. शेवटी घरातल्या लहानग्याला पाठांतर म्हणून दाखवायला सांगितलं. पोराने नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातलं चोविसावं वचन म्हटलं. तेच, ज्यात बापाचं प्रेम छडीने मोजलेलं आहे. एकदाही अडखळला नाही, पण सगळा वेळ तो दाराच्या मागे बघत होता. तिथे खिळ्याला निरगुडीची फोक अडकवलेली होती. धरायच्या टोकाला हाताळून गुळगुळीत झालेली, दुसऱ्या टोकाला चिरलेली. वडील कौतुकाने म्हणाले, "आमच्या घरात सगळं वचनाप्रमाणे चालतं."

वचनाप्रमाणेच चालायचं ना? मग अनुवादाचा एकविसावा अध्याय उघडा. हट्टी, बंडखोर मुलाला वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे न्यावं आणि गावाने त्याला दगडमार करावी, असं तिथे सांगितलं आहे. हे आपल्यातलं कुणी करणार नाही. विचारलं तर आपण म्हणतो, तो काळ वेगळा होता, आपण कृपेखाली आहोत. अगदी बरोबर. पण मग दगडापाशी आठवणारी कृपा फोकेपाशी का आठवत नाही? शास्त्रातलं काय आजही लागू आणि काय त्या काळापुरतं, हे आपण ठरवतोच. फक्त ते ठरवताना आपल्या हाताची सोय बघतो.

नीतिसूत्रं परंपरेने शलमोनाच्या नावावर आहेत. त्याच्या घरात काय निपजलं तेही वाचा, राजांच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय. लोक त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे आले आणि म्हणाले, तुझ्या बापाने लादलेलं जू हलकं कर. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं, ऐक त्यांचं. त्याने ऐकलं नाही. बापाने चाबकाने मारलं असेल, मी विंचवांनी मारीन, अशी धमकी दिली. दहा वंश फुटून निघाले. वेताचे गोडवे गाताना या मुलाचं नाव आपल्या व्यासपीठांवरून मी कधी ऐकलं नाही.

एलीचं मात्र ऐकतो, हमखास. एलीने पोरांना आवरलं नाही म्हणून घराण्याचा नाश झाला, तेव्हा बापांनो, ढिलाई करू नका! अहो, एलीची ती पोरं कर्ती माणसं होती, याजक होती. देवाची अर्पणं लाटत होती, मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी कुकर्म करत होती. एलीने त्यांना दटावलं आणि पदावर तसंच राहू दिलं. त्या कथेचा धडा घ्यायचा असेल तर तो आपल्या कमिट्यांनी आणि ट्रस्टींनी घ्यावा. पाच वर्षांच्या पोराने नव्हे.

आता कुणी म्हणेल, येशूनेही चाबूक उचलला होता. उचलला होता, योहान तसं सांगतो. मंदिरात, बाजार मांडणाऱ्यांवर. पण मंदिरशुद्धीची मत्तयाची हकिकत पुढे वाचा, एकविसावा अध्याय. त्याच मंदिरात पोरं मोठमोठ्याने ओरडत होती. मुख्य याजक आणि शास्त्री संतापले, हा काय गोंधळ म्हणून येशूलाच जाब विचारू लागले. येशू मुलांच्या बाजूने उभा राहिला. उपासनेत चुळबुळ करणाऱ्या पोराला चिमटा काढून गप्प बसवणाऱ्या आपण सर्वांनी ठरवावं, त्या दिवशी आपण कुणाच्या रांगेत उभे असतो.

इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घ्या. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, यावर मी उभ्या आयुष्यात किती प्रवचनं ऐकली! प्रवचन पहिल्या वचनाला सुरू होतं आणि तिसऱ्याला संपतं. चौथ्यात पौल बापांकडे वळतो आणि मुलांना चिडीला आणू नका म्हणतो. कलस्सैकरांना तो कारणही सांगतो: मुलं खचतात. रोमी कायद्यात बापाची घरादारावर अमर्याद सत्ता होती. त्या काळात बापाला हे सुनावणं साधी गोष्ट नव्हती.

मंडळीचा इतिहास या बाबतीत एका बाजूचा आहे, असं मी म्हणणार नाही. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं आहे की शाळेत मार बसू नये म्हणून तो लहानपणी देवाची कळवळून प्रार्थना करायचा, आणि मोठी माणसं, त्याचे आईबापसुद्धा, त्या माराला हसायची. एवढा मोठा धर्मपंडित, आणि त्याच्या बालपणाची प्रार्थना ही! मोठेपणीही तो ते हसणं विसरला नव्हता. तरी याच ऑगस्टिनने पुढे कुटुंबप्रमुखाच्या शिक्षेचं समर्थन केलं. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई सुझाना हिने १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात, आपली मुलं वर्षाची होताच छडीला भ्यायला आणि हळू रडायला शिकली, असं समाधानाने नोंदवलं आहे. मेथडिस्ट बांधवांनी रागावू नये. वर्षाच्या लेकराने हळू रडावं ही अपेक्षा मला भयंकर वाटते, आणि आईची भक्ती कितीही थोर असली तरी ती भयंकरच राहते.

दुसरीकडे तुरीनचा धर्मगुरू डॉन बॉस्को. त्याच्याकडे आलेली पोरं रस्त्यावरची होती, काही तुरुंगातून सुटलेली. वेताला निमित्त हवं असतं तर त्याच्याकडे रोज होतं. १८७७ साली त्याने आपली शिक्षणपद्धत लिहून काढली: समजूत, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर उभी असलेली. मारहाण तिच्यात वर्ज्य. मुलांमध्ये दिवसभर हजर राहा, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच तुम्ही तिथे असता, हे त्याचं सांगणं. हे वेतापेक्षा फार कष्टाचं काम आहे, म्हणून ते आपल्याला नको असतं.

आणि खरं सांगू? आपल्या हातातली छडी शलमोनाची नाहीच. ती गावच्या पंतोजीची आहे. अंगठे धरायला लावणं, ओणवं उभं करणं, वेताने हात सुजवणं हे सगळं मिशनरी येण्याआधीपासून या मातीत होतं. आपण फक्त त्यावर वचनाचा शिक्का मारला. का मारला, तेही बोलू. आपण संख्येने थोडे. आपलं पोर चुकलं तर वस्ती म्हणते, ख्रिस्ती लोकांची पोरं अशीच. ही दहशत आपल्या आईबापांच्या मानेवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे, आणि ती उतरते पोराच्या पाठीवर. समाजाच्या अब्रूची किंमत आपण मुलांकडून वसूल करतो आणि पावती देवाच्या नावाने फाडतो.

शाळेत मुलाला मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केलं. बालगृहात मारणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात शिक्षा आहे. गोव्याने तर २००३ च्या बाल कायद्यातच शाळेतली छडी हद्दपार केली होती. घर मात्र अजून या सरसकट बंदीबाहेर आहे. दक्षिण आफ्रिकेत १९६ ख्रिस्ती शाळांची संघटना घटना न्यायालयात गेली होती: छडी हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, आम्हाला सवलत द्या. २००० साली न्यायालयाने ती नाकारली. धर्मस्वातंत्र्यासाठी आपण या देशात काय काय सोसतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तोच शब्द ख्रिस्ती माणसांनी लेकरांना बडवण्याच्या हक्कासाठी न्यायालयात वापरला, याची मला लाज वाटते.

शिस्त नको, असं मी म्हणालो नाही. तसं उद्या छापलं तर मी खुलासा पाठवीन. वेळेवर झोपणं, खोटं न बोलणं, मोडलेलं आपल्या हाताने दुरुस्त करणं, दुखावलेल्याची माफी मागणं, हे मुलाला शिकवायलाच हवं. त्यासाठी आईबापांनी स्वतः माफी मागायला शिकावं लागतं. आपल्या किती घरांत बापाने मुलाची माफी मागितली आहे? हात वर करायला सांगत नाही.

लेखकांशीही माझं भांडण आहे. आपल्या कथांतली मुलं ख्रिसमसला तारा बांधतात, वचन म्हणतात, आजोबांच्या पाया पडतात. मार खाल्लेलं मूल रात्री पांघरुणात काय विचार करतं, हे आपण लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर पुस्तक मंडळीच्या स्टॉलवर ठेवणार नाहीत. नका ठेवू म्हणावं. तरी लिहा.

खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडतो आहे. संडे स्कूल आणि बोर्डिंगांतून मारहाण पूर्ण बंद असल्याचं प्रत्येक मंडळीने आणि धर्मग्रामाने लेखी जाहीर करावं. विवाहपूर्व वर्गात आणि बाप्तिस्म्याच्या तयारीत आईबापांशी या विषयावर एक संपूर्ण बैठक घ्यावी. आणि वर्षातून एका रविवारी इफिसकरांच्या सहाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनावर प्रवचन व्हावं, पहिल्या तिन्हींचा आधार न घेता. विरोधात बोलायचं असेल त्यांनी सचिवांकडे नावं द्यावीत. प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतील, आणि ती मी कापणार नाही.