कुठून आला, किती गेले

(यवतमाळ येथील व्याख्यानमालेत गुंफलेले तिसरे पुष्प)



2020च्या एप्रिलात घाटंजीच्या रस्त्याला एका गावाबाहेर मी अडकलो होतो. रस्त्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या आणि पलीकडे काठ्या घेऊन चार पोरं. पहिला प्रश्न, "कुठून आले जी?" ताप आहे का, खोकला आहे का, हे नंतर. मार्चमध्ये दुबईहून परतलेल्या प्रवाशांपैकी काही जण आपल्या शहरात कोरोनाबाधित निघाले होते, त्यामुळे कुठून आले याला फार किंमत होती. त्या पोरांना हसण्यात अर्थ नाही. साऱ्या जगाने चीनला तोच प्रश्न विचारला, फक्त काठ्या मोठ्या होत्या.

रोगाला गावाचं नाव चिकटवायची खोड जुनी. 1918च्या फ्लूच्या तापाला 'स्पॅनिश' म्हणतात ते एवढ्यासाठी, की स्पेन पहिल्या महायुद्धात नव्हता आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी आजाराच्या बातम्या मोकळेपणी छापल्या. खरं बोलण्याची शिक्षा म्हणा. तो ताप अमेरिकेतल्या कॅन्ससच्या छावणीत उगवला, फ्रान्समध्ये की चीनमध्ये, यावर इतिहासकार अजून भांडतात. आपल्या शेजारी नागपूरला चांदीपुरा आहे. 1965मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला कायमचं लागलं. 2021मध्ये मात्र 'इंडियन व्हेरियंट' हा शब्द समाजमाध्यमांवरून काढा, असं आपल्या सरकारने कंपन्यांना कळवलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळात रुग्ण एकदम वाढले, तेव्हा 'इथंच नवा प्रकार निपजला' अशी कुजबुज आपण ऐकली आहे. आपल्या अंगावर बोट आलं की कसं वाटतं, ते तेव्हा कळलं.

आता वुहान. कोरोना तिथल्या प्रयोगशाळेतून निसटला की प्राण्यांतून आला, या वादात आपल्या पुण्याचं एक जोडपं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डॉ. मोनाली रहाळकर आघारकर संशोधन संस्थेतल्या, डॉ. राहुल बहुलीकर बायफ संस्थेतले. दोघेही विषाणूतज्ज्ञ नव्हेत. टाळेबंदीत घरी बसून त्यांनी जुने कागद चाळायला घेतले. चीनच्या युनान प्रांतात मोजियांगची तांब्याची एक जुनी खाण आहे. 2012मध्ये तिथली वटवाघळांची विष्ठा उपसणारे सहा मजूर न्यूमोनियाने आजारी पडले, तिघे गेले. पुढे वुहानच्या विषाणूशास्त्र संस्थेने त्याच खाणीतून नमुने नेले आणि कोरोनाच्या विषाणूशी 96 टक्के जुळणारा विषाणू त्यातलाच निघाला. त्या मजुरांच्या आजारपणाची तपशीलवार हकिगत एका चिनी विद्यार्थ्याच्या प्रबंधात पडून होती. एका निनावी भारतीयाने तो प्रबंध शोधून जगापुढे ठेवला आणि पुण्याच्या या दोघांनी मजुरांच्या आजारावर 2020मध्ये शोधनिबंध लिहिला.

म्हणून विषाणू प्रयोगशाळेतूनच निसटला असं सिद्ध होतं का? नाही. 96 टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण उरलेल्या चार टक्क्यांत उत्क्रांतीची काही दशकं मावतात. सुरुवातीचे बरेच रुग्ण वुहानच्या हुआनान प्राणी-बाजाराभोवती एकवटलेले होते, हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही जून 2025मध्ये पारडं प्राण्यांकडेच झुकवलं. पण प्रयोगशाळेची शक्यता ना तपासता आली, ना फेटाळता, कारण मागितलेले कागद चीनने दिले नाहीत. वुहानच्या संस्थेचा विषाणूंचा माहितीसाठा तर 2019च्या सप्टेंबरातच बाहेरच्यांना दिसेनासा झाला होता. घोडं अडलं ते वहीपाशी.

चीनने वही उघडावी हे म्हणताना माझा आवाज चढतो. मग मला आपली वही आठवते.

मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. कोरोनाबळींचा आपला अधिकृत आकडा पावणेपाच लाखांच्या आसपास. सरकारने हरकत घेतली, की हे गणिती अंदाज आहेत, आमची नोंदणी पक्की आहे. ठीक. त्या पक्क्या नोंदणीचे 2021चे आकडे मे 2025मध्ये बाहेर आले. 2020मध्ये देशात सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले होते, 2021मध्ये एक कोटी दोन लाख. वाढ एकवीस लाखांची, आणि त्या वर्षीचे अधिकृत कोरोनाबळी साडेतीन लाखांच्या आत. सगळी वाढ कोरोनाचीच असं कोणी शहाणा म्हणणार नाही, नोंदणीही सुधारत असते. पण एवढी?

कोणतं राष्ट्र पास, कोणतं नापास, हा खेळही आकड्यांवरच चालतो. 2019च्या ऑक्टोबरात साथीशी लढण्याच्या तयारीची एक जागतिक यादी निघाली, त्यात अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा, आपण 57वे. अडीच वर्षांत अमेरिकेत कोरोनाने दहा लाखांवर माणसं गेली. परीक्षेआधीच लावलेला निकाल तो.

मोजणी अपुरी पडणं आपल्याला नवं नाही. 1918च्या तापात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी एक होता. मृत्यूंची नोंद गावकामगारांच्या हातात, आणि तीच माणसं तापाने आडवी झालेली. देशातले किती गेले ते कळलं 1921च्या जनगणनेत, लोकसंख्याच घटलेली दिसली तेव्हा.

माझा आत्येभाऊ दारव्ह्याचा. 2021च्या एप्रिलात गेला. कोरोनाची चाचणी निगेटिव्ह, छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोर 19. तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांत दुसरं बोलणंच नव्हतं, "स्कोर किती आला?" दवाखान्याच्या कागदावर कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान सुरू झालं. महाराष्ट्रातला अधिकृत आकडा दीड लाखाच्या आत, आणि अर्ज आले दोन लाखांवर. त्यात एक वहिनीचा. जिल्ह्याच्या समितीपुढे ती तीनदा गेली, सिटीस्कॅनची मोठी पिवळी पिशवी काखेत धरून. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी तिथंच होतो. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "म्हंजे आता त्यायले मोजणीत धरलं काय?"