पिंजऱ्यातला मिठ्ठू आणि देशाचा कायदा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी परीक्षा, शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह यांविषयी बोलणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात जी गोष्ट टांगलेली असते, तिच्याविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे पोपटाचा पिंजरा.

शुक्रवार पेठेतल्या एखाद्या गल्लीतून सकाळी गेलात, तर कुठल्या तरी ओसरीवरून 'मिठ्ठू' अशी हाक कानी पडतेच. अम्मी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालते, दादीजान त्याला सलाम करायला शिकवते, आणि धाकटी मुले त्याला मिरची भरवतात. या मायेबद्दल मला शंका नाही. परंतु हा हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, ही गोष्ट किती घरांत ठाऊक आहे?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ बंदूक चालविणे एवढाच नाही. जाळ्यात धरणे, फासे लावणे, घरट्यातून अंडी काढणे, हेही शिकारीतच मोडते. बेकायदा धरलेला प्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे तुम्ही दुकानदाराला रोख पैसे मोजले असले, तरी तो पक्षी तुमचा होत नाही. आणि 'हा पक्षी माझ्याकडे कायदेशीर मार्गाने आला' हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नसून, ज्याच्या घरी पिंजरा सापडला त्याच्यावर असते.

वडीलधारी मंडळी म्हणतील, "आमच्या लहानपणी तर पोपट बाजारात उघड विकले जात. तेव्हा कोणी अडवले नाही." त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या काळी काही पक्ष्यांचा व्यापार परवाना काढून चालत असे. १९९१ च्या दुरुस्तीने देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. पुढे २०२२ साली कायद्यात मोठा बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. आपला नेहमीचा पोपट आज दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो बाळगल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरात बरकत येते म्हणून काहीजण पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव आणतात. ते तर पहिल्या अनुसूचीत आहे. तेथे शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे कैद, आणि दंड किमान पंचवीस हजार.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पोलिसात जाऊ इच्छितो, कोणी सैन्यात, कोणाला परदेशी नोकरीसाठी पासपोर्ट हवा आहे. दोनशे-तीनशे रुपयांच्या पक्ष्यापायी नावावर खटला चढला, तर चौकशीच्या कागदावर तो कायम आडवा येतो. लढून निर्दोष सुटलात तरी वर्षे जातात.

"पण आम्ही तर प्रेमाने पाळतो," असे कोणी म्हणेल. प्रेमाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिल्लू वाचविले. पुढे बिबटे, अस्वले अशी अनाथ पिल्ले त्यांच्या अंगणात वाढली. त्यांच्या हेतूबद्दल कोणालाही संशय नव्हता. तरी त्यांनाही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागली आणि नोटिसांना उत्तरे द्यावी लागली. तेथे कायदा सुटला नाही, तर आपल्या ओसरीवर कसा सुटेल?

शिवाय हे प्रेम कशावर उभे आहे, तेही पाहिले पाहिजे. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हिवाळा सरता सरता माणसे झाडावर चढून पंख न फुटलेली पिल्ले काढतात. टोपल्यांत कोंबलेल्या या पिल्लांपैकी कितीतरी वाटेतच मरतात. जी जगतात, त्यांचे पंख कापले जातात. आपण एक पोपट विकत घेतो, तेव्हा दुसरा धरून आणायचे पैसे आपणच देत असतो.

मग काय पाळावे? कुत्रा, मांजर, शेळी, कोंबडी पाळा. आपल्याकडे कबुतरांचा शौक जुना आहे, त्या पाळीव कबुतरांनाही या कायद्याची आडकाठी नाही. 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारे छोटे बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तेही चालतात. मात्र मकाव किंवा आफ्रिकेचा राखी पोपट असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. तितर, लाव्हे, मुनिया, मुंगूस, कासव हे आपल्या रानातले जीव आहेत. त्यांना घरी आणू नका.

घरात आधीच पोपट असेल, तर घाबरून त्याला एकदम उडवून देऊ नका. कापल्या पंखांचा, हाताने भरवलेला पक्षी मांजराच्या किंवा कावळ्याच्या तोंडी जातो. एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून, स्वतः पुढे होऊन वनखात्याकडे तो सोपवा. वादळात पडलेले पिल्लू सापडले, तर जमल्यास त्याच झाडावर परत ठेवा. जखमी असेल आणि घरी आणावेच लागले, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्यात कळवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

शेवटी, पक्ष्यांची आवड मारू नका, तिला वळण द्या. डॉ. सलीम अली मुंबईत खेतवाडीत आपल्या मामांच्या, अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. त्या एका प्रश्नातून देशाला थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला आणि १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मामा रागावून गप्प बसले असते, तर ते घडले नसते.

पालकहो, मुलाने पक्षी मागितला तर त्याला पिंजरा घेऊन देऊ नका. सुटीच्या दिवशी कंबर तलावावर न्या, थंडीत हिप्परग्याच्या तलावावर न्या. नान्नजचा माळ दाखवा. १९७९ साली तेथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तो पक्षी तेथे दिसणेही दुर्मिळ झाले आहे. असे का झाले, हे मुलाला तेथे उभे राहून विचारू द्या. एक वही आणि एक पेन्सिल द्या. दिसलेल्या पक्ष्याचे नाव, ठिकाण आणि तारीख त्याने लिहावी. या छंदाला परवाना लागत नाही, आणि त्यात कोणाचे पंखही कापावे लागत नाहीत.