चौसष्ट हजारांतले हातात किती?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय सुचवला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर तो येणारच. पण त्या विषयावर बोलणारे आता गल्लोगल्ली झालेत, आणि खरं सांगायचं तर माझं काम तितकं झगमगीत नाही. इंजिनिअर झाल्यापासूनची बहुतेक वर्षं मी पगाराची सॉफ्टवेअरं लिहिण्यात घालवली. पुण्यात बसून अमेरिकेतल्या माणसांच्या पगारातून किती कापायचं, ते ठरवणारा प्रोग्राम लिहायचा. आईला अजूनही नीट कळलेलं नाही की मी करते काय. "लोकांचा पगार कापते," असं ती शेजारी सांगते, आणि ते चूकही नाही.

तर मी विषय बदलून मागितला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दोन-तीन वर्षांत कितीदा तरी पेढ्यांचे फोटो आले : अमक्याच्या मुलीला अमेरिकेत रेसिडेन्सी मिळाली, तमक्याचा मुलगा मॅच झाला. अभिनंदनाच्या फुलांनंतर दुसराच प्रश्न असतो, "पगार किती?" उत्तर येतं साठ हजार, पासष्ट हजार डॉलर. मग कुणीतरी मोबाइलवर गुणाकार करतं आणि सगळे गप्प होतात. त्या गुणाकाराबद्दल मला बोलायचंय.

माझी भाची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, २०२४ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाला गेली. इंटर्नल मेडिसिनचं पहिलं वर्ष, जे-१ व्हिसा, करारावर आकडा ६४ हजार डॉलर. हा आकडा घासाघीस करून ठरत नाही, हे आधी सांगते. मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा निकाल लागतो, जिथे नाव लागलं तिथे जाणं बंधनकारक, आणि पगार त्या इस्पितळाने आधीच छापलेला. ही पद्धत स्पर्धेला मारक आहे म्हणून काही डॉक्टरांनी २००२ साली खटला भरला होता. २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच करून मॅचला संरक्षण दिलं. विषय संपला.

भावोजींनी हिशेब मांडला. तेव्हा डॉलर ८३ रुपयांना होता. ६४ हजार गुणिले ८३, म्हणजे ५३ लाख. महिन्याला चार लाख बेचाळीस हजार. एमबीबीएस आणि पुढच्या परीक्षांचं मिळून घरावर २८ लाखांचं कर्ज होतं, हप्ता ३७ हजारांचा. निम्मे तिला खर्चाला, निम्मे कर्जाला, म्हणजे सव्वा वर्षात पाटी कोरी. भावोजी पाटबंधारे खात्यात. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून कपाटात ठेवला होता. तारीख तेवढी टाकायची राहिली होती.

ऑगस्टमध्ये एका रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, बाबांना सांगू नकोस. माझ्या पगारात काहीतरी गडबड आहे की मलाच खर्च जमत नाही, ते बघशील?" तिने पगारपावत्यांचे फोटो पाठवले. दुपारचं जेवण ती इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये, ड्युटीवरच्या डॉक्टरांना मिळणाऱ्या पैशात भागवत होती, आणि रात्रीचंही डब्यात भरून आणत होती.

तिथे पगार दर दोन आठवड्यांनी होतो, वर्षात २६ वेळा. मी तुम्हाला महिन्यावर आणून सांगते. ठोक पगार ५,३३३ डॉलर. त्यातून केंद्राचा प्राप्तिकर सुमारे ७६०. पेन्सिल्व्हेनिया राज्याचा कर सरसकट ३.०७ टक्के, म्हणजे १६४. वर फिलाडेल्फिया शहराचा स्वतःचा कर आहे, तेव्हा तो पावणेचार टक्के होता, म्हणजे २००. टेक्सास किंवा फ्लोरिडात गेली असती तर हे राज्याचे आणि शहराचे दोन्ही नसते. आरोग्य विम्यातला तिचा वाटा आणि किरकोळ मिळून शंभरेक. आणि 'फायका' नावाची एक कपात, ४०८ डॉलर. हातात ३,७०० च्या आसपास.

घरभाडं १,५००. वीज-इंटरनेट १५०, खाणं ४५०, फोन आणि प्रवास १५०. जुलैचा पहिला पगार हातात पडेपर्यंत भाड्याची अनामत, गाद्या, भांडी हे सगळं मैत्रिणीकडून उसने घेऊन केलेलं, त्याची फेड महिन्याला ५००. उरले ९५० डॉलर. रुपयांत ऐंशी हजारांच्या आत. त्यातून स्टेप थ्री परीक्षेची फी बाजूला काढायची, तीच नऊशे डॉलरच्या वर. म्हणजे हप्ता कसाबसा भागणार, कर्ज फिटणार नाही. आणि इकडे कपाटात तो अर्ज.

आपल्याला सातवीत शेकडेवारी शिकवणारे सर आज समोर बसले आहेत. फळ्यावर टक्के लिहिले की ते विचारायचे, "टक्के कशाचे?" उत्तर आलं नाही तर पुढे जायचे नाहीत. सर, पगारपावती वाचताना मी आजही तेच करते. आपल्याकडे अनेकांना वाटतं की मुलगी २२ टक्क्यांच्या टप्प्यात गेली म्हणजे सगळ्या पगारावर २२ टक्के. तसं नसतं. २०२४ मध्ये एकट्या माणसाच्या करपात्र उत्पन्नातल्या पहिल्या ११,६०० डॉलरवर १० टक्के, तिथून ४७,१५० पर्यंत १२ टक्के, आणि त्याच्या वरच्या तेवढ्याच तुकड्यावर २२ टक्के.

आता ते फायकाचे ४०८. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५, मिळून ७.६५ टक्के, ठोक पगारावर. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी की नोकर, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालला. विद्यार्थी असेल तर फायका नाही. २०११ मध्ये मेयो फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की आठवड्याला चाळीस तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला विद्यार्थी न मानण्याचा सरकारचा नियम योग्य आहे. निवासी डॉक्टरांना तर आठवड्याला ८० तासांपर्यंत काम करायची मुभा आहे. मुभा म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. पन्नास आठवडे तसे काढले तर ६४ हजारांचे तासाला १६ डॉलर होतात, तेही कर कापायच्या आधी. आपल्या मराठीत या पैशाला 'विद्यावेतन' म्हणतात. वाद आपण एका शब्दातच कोंबून ठेवलाय.

पण माझ्या भाचीला फायका लागूच नव्हता. जे-१ वर शिकाऊ म्हणून आलेला माणूस, आधी अमेरिकेत अशा व्हिसावर राहिलेला नसेल, तर पहिली दोन कॅलेंडर वर्षं करापुरता 'अनिवासी' धरला जातो, आणि अशा अनिवासी जे-१ धारकाला फायका माफ असतो. एच-१बी वर गेलेल्याला पहिल्या दिवसापासून भरावा लागतो. अमेरिकन नागरिकालाही. बरोबरीच्या सगळ्या डॉक्टरांचा कापला जात होता, म्हणून हिचाही कापला गेला.

चूक कुठे झाली असेल ते मला बसल्या जागी दिसलं, कारण ती मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या प्रोग्राममध्ये नवा कर्मचारी नोंदवताना फायकाच्या रकान्यात आपोआप 'हो' येत असे. कुणीतरी उघडून 'नाही' केलं तरच नाही. आमच्या टेस्टिंगच्या मुलीने तक्रार नोंदवली होती की परदेशी शिकाऊ लोकांचं यात चुकतं. मी त्यावर 'क्वचित घडणारं, प्राधान्य कमी' असं लिहून ती बंद केली. त्या वेळी मला तो एक रकाना दिसत होता. कॅन्टीनमधून डबा भरून नेणारी मुलगी दिसत नव्हती.

भाचीने पगार विभागाला मेल केला. उत्तर आलं, "सर्व निवासी डॉक्टरांना फायका लागू आहे." मग मी तिला दुसरं पत्र लिहून दिलं. सोबत व्हिसाचे कागद, आय-९४ ची नोंद, आणि एकच प्रश्न : माझा करापुरता दर्जा तुमच्याकडे निवासी लिहिलाय की अनिवासी? ऑक्टोबरमध्ये सात पगारांतले सुमारे १,३०० डॉलर एकदम परत आले. ही रक्कम आधी मालकाकडेच मागायची असते. त्याने दिली नाही तर आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडे, फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून मागता येते. एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण या पैशाचा पुढे आपल्याला उपयोग होण्याची शक्यता कमी. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची भरती लागते, आणि भारत-अमेरिकेत याबाबतचा करार नाही. तीन वर्षं भरून परत आलेल्याचे पैसे तिकडेच.

पहिल्या वर्षाची आणखी एक गंमत आहे, आणि ती मात्र आपल्या बाजूची. रेसिडेन्सी जुलैत सुरू होते, करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. पहिल्या वर्षी पगार मिळतो अर्ध्याच वर्षाचा, ३२ हजार. पण प्रोग्राम बिचारा प्रत्येक पगाराला २६ ने गुणतो आणि समजतो, ही बाई वर्षाला ६४ हजार कमावते. त्या दराने कापतो. ज्यांची मुलं तिथेच जन्मली, वाढली, त्यांच्यासाठी उदाहरण देते. एकटा, इतर उत्पन्न नाही, १४,६०० ची प्रमाणित वजावट. अर्ध्या वर्षात कापले जातात सुमारे २,९६०, प्रत्यक्ष कर होतो १,८५६. अकराशे डॉलर जास्त कापले. रिटर्न भरलं की परत मिळतात, १५ एप्रिलपर्यंत. अनिवासी व्यक्तीचा कर कापताना ती वजावट सहसा धरत नाहीत, म्हणून भाचीचा कर जास्त, पण जादा कापणं तिच्याही बाबतीत झालंच. तिने १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरला आणि नऊशेवर डॉलर परत आले. मैत्रिणीचं उसनं त्यातून संपलं.

हे सगळं घरी सांगायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीत ताईकडे गेले, भावोजींसमोर पावती ठेवली. ते पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत, एकेक ओळ पेन्सिलीने तपासत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ती आपल्यापेक्षा काटकसरीत राहते." एवढंच. त्यांनी विचारलं, तिने पाठवलेल्या पैशावर मला कर पडेल का? मुलीने आईवडिलांना दिलेली भेट आहे, पडत नाही. आणि ती नोकरीसाठी जूनमध्ये देश सोडून गेली, म्हणून त्या वर्षी इथे ती अनिवासी, तिकडच्या पगारावर इथे कर नाही. अर्जाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. डिसेंबर गेला आणि ते कामावर जातच राहिले. आजही जातात.

पुढच्या आठवड्यात २०२६ चा जानेवारी लागेल. भाचीचं हे तिसरं कॅलेंडर वर्ष. जून २०२४ ला गेली तरी २०२४ हे पूर्ण एक वर्ष मोजलं जातं, हे लक्षात घ्या. चोवीस महिने नव्हे. आता ती करापुरती निवासी होईल, फायका सुरू होईल, आणि त्याच वेळी प्रमाणित वजावट मिळायला लागेल. दोन्ही मिळून हातात थोडं कमीच येणार, पगार वाढलेला असूनही. तिने या वेळी पगार विभागाला स्वतःहून नवा डब्ल्यू-४ फॉर्म देऊन ठेवलाय, आणि वडिलांना जानेवारीचा अंदाज आधीच पाठवलाय. भावोजींनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

माझी वेळ संपल्याची चिठ्ठी आली. जेवणानंतर मी दहावी 'ब' च्या वर्गात, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर आहे. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी पगारपावतीचा फोटो मागवून ठेवा. चष्मा मी आणलाय.