इंजिनचं हेड बसवताना

जालन्याकडं मोसंबीच्या बागा पुष्कळ. २०१२ सालच्या दुष्काळात कितीतरी बागा वाळल्या. पण विहिरीत पाणी आहे अन् इंजिन बंद, हे तर त्याहून जिवाला लागतं.

पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनात ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅसकेट असते. आत जाळ, भोवती पाणी. ती फुटली की पाण्यात बुडबुडे येतात, कधी तेल दुधासारखं होतं. इंजिनचा जोर जातो.

नवी गॅसकेट घेताना दुकानदार फवाऱ्याचा डबाही पुढं करतो. त्यात तांब्याची पूड घातलेला चिकट रंग असतो. साध्या गॅसकेटला दोन्ही अंगांनी त्याचा पातळ थर द्यावा. बारीक ओरखडे त्यानं बुजतात. पण गॅसकेटवर कारखान्यातूनच लेप आलेला असेल तर बहुधा ती कोरडीच बसवायची असते. इंजिनच्या पुस्तकात काय छापलंय ते बघा. आता वाचता येतं ना?

वाकडं हेड मात्र फवाऱ्यानं सरळ होत नाही. जुनी पपडी खरवडून काढा, मग हेडवर सरळ पट्टी उभी धरा. पट्टीखालून उजेड दिसला, तर आधी हेड मशीनवर घासून आणा. नट मधून बाहेर, आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. किती आवळायचे तो आकडाही त्याच पुस्तकात असतो.